अब्रूचा बाजारभाव

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील ठाकरांच्या वाडीवर डोंगर कोसळला. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला धावलेली माणसे पावसात, चिखलातून पायी वर चढली. अवजड यंत्रे पोचू शकली नाहीत, आणि माती हातांनी, कुदळी-फावड्यांनी उकरावी लागली. २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. जी वाडी शासनाच्या दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, ती त्या चार दिवसांत देशातील घराघरांतील पडद्यावर होती.

त्या पडद्यावर काय दिसत होते, हे आठवून पाहण्यासारखे आहे. ज्यांची घरे, आईबाप, लेकरे एका रात्रीत नाहीशी झाली, त्यांच्या तोंडापुढे ध्वनिक्षेपक धरले गेले. आक्रोश करणारे चेहरे दिवसभर पुनःपुन्हा दाखविले गेले. पोरक्या झालेल्या मुलांचे पुढे काय, याची चर्चा जाहीरपणे चालली. पुढारी आले, सांत्वन झाले आणि सांत्वनाची छायाचित्रेही झाली. या गर्दीत सगळेच निर्दय होते असे कोणी म्हणणार नाही. कित्येक बातमीदार स्वतः हादरलेले होते, आणि बातमीमुळे मदतीचा ओघ वाढला हेही खरे आहे. परंतु “बाई, तुमचे हे रडणे आम्ही जगाला दाखवू का?” असा प्रश्न तेथे विचारण्याची कोणावर सक्ती नव्हती. तो न विचारल्याबद्दल कोणास जाब द्यावा लागला नाही, आणि लागणार नाही, हेही सर्वांना ठाऊक होते.

यानंतर दोन महिन्यांनी, २० सप्टेंबर २०२३ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने अभिनेते अनिल कपूर यांच्या दाव्यात अंतरिम मनाई हुकूम दिला. त्यांचे नाव, चेहरा, आवाज आणि ‘झकास’ हा त्यांच्या तोंडी प्रसिद्ध झालेला उद्गार यांचा परवानगीवाचून व्यापारी कामासाठी वापर करण्यास त्याने बंदी घातली. २०२४ च्या मे महिन्यात जॅकी श्रॉफ यांनी त्याच न्यायालयात आपल्या नावाबरोबर ‘भिडू’ या शब्दावरही दावा सांगितला, आणि काही प्रतिवादींना न्यायालयाने रोखले. २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना मुंबई उच्च न्यायालयाने यंत्राने केलेल्या आवाजाच्या नकलेपासून संरक्षण दिले. ‘झकास’ काय किंवा ‘भिडू’ काय, हे शब्द कोणा नटाने घडविलेले नाहीत. ते मुंबईच्या चाळींतून आणि नाक्यांवरून आले आहेत. या हुकुमांनी सामान्य माणसाच्या बोलण्यावर बंदी आली असे नव्हे. पण लोकांच्या तोंडचा शब्दसुद्धा एखाद्या व्यक्तीच्या मिळकतीत जमा होऊ शकतो, आणि त्याच देशात, त्याच वर्षी, इर्शाळवाडीतील माणसाला स्वतःचा रडवेला चेहरासुद्धा आपला म्हणता येत नाही, हा योगायोग मानून पुढे जाता येणार नाही.

हा न्यायाधीशांच्या दुष्टाव्याचा प्रश्न नाही. त्यांच्यापुढे जो दावा आला त्याचा त्यांनी निवाडा केला. प्रश्न कायद्याच्या घडणीचा आहे. व्यक्तित्वाचे हक्क, म्हणजे माणसाचे नाव, रूप, आवाज, खाजगी जीवन आणि अब्रू यांवरील त्याचा अधिकार, हे दोन वेगवेगळ्या पायांवर उभारता येतात. एक पाया प्रतिष्ठेचा: माणूस हा माणूस आहे म्हणून. दुसरा पाया मालमत्तेचा: या चेहऱ्याला, या आवाजाला बाजारात किंमत आहे म्हणून. भारतीय न्यायव्यवस्था पहिल्या पायाचे नाव घेते आणि व्यवहारात इमारत दुसऱ्या पायावर चढवीत आहे. ज्याच्या चेहऱ्याला भाव आहे त्याला कायदा आहे. ज्याच्या चेहऱ्याला भाव नाही त्याला सहानुभूती आहे.

ही वाट अमेरिकेने अगोदर चालून पाहिली आहे. १९०२ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे एका तरुण मुलीचे प्रकरण आले. एका पिठाच्या कंपनीच्या जाहिरातीसाठी तिचे चित्र तिला न विचारता छापले गेले, आणि त्याच्या सुमारे २५ हजार प्रती दुकानांतून व गुत्त्यांतून लागल्या. लाजेने तिने अंथरूण धरले. चार विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यायालय म्हणाले की, असा हक्क कायद्यात नाही. त्यावर लोकांत इतका संताप उसळला की पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या विधिमंडळाला कायदा करावा लागला. पण तो कायदा कसला? जाहिरात किंवा व्यापार यांसाठी कोणाचे नाव वा चित्र वापरू नये, एवढाच. पुढे १९५३ साली क्रिकेटसारख्याच लोकप्रिय अशा बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांवरून दोन च्युइंगगम कंपन्यांचा तंटा न्यायालयात गेला, आणि त्यातून ‘प्रसिद्धीचा हक्क’ नावाची नवी वस्तू जन्माला आली. हा हक्क विकता येतो, भाड्याने देता येतो, आणि पुढे अनेक राज्यांत वारशाने मिळूही लागला. मुलीच्या लाजेपासून निघालेला प्रवास पन्नास वर्षांत कंपन्यांच्या करारपत्रापर्यंत पोचला. जी वस्तू विकता येते तिचे रक्षण करणारे वकील मिळतात. लाज विकता येत नाही.

इंग्लंडची कथा वेगळी, पण तिचा धडा तोच आहे. तेथे अब्रूनुकसानीचा कायदा शतकानुशतके कडक होता आणि खाजगीपणाचा कायदा जवळजवळ नव्हताच. १९९० साली डोक्याला गंभीर इजा होऊन रुग्णालयात पडलेल्या एका नटाच्या खोलीत वृत्तपत्राची माणसे शिरली व त्यांनी छायाचित्रे घेतली, तेव्हा अपील न्यायालयाने खेद व्यक्त केला. पण इंग्रजी कायद्यात खाजगीपणाचा हक्क नाही असेच त्याला सांगावे लागले. अब्रूचा कायदा मात्र होता; परंतु तो ज्याला परवडेल त्याच्यासाठी. १९४९ साली मजूर पक्षाच्या सरकारने गरिबांसाठी कायदेशीर मदतीची योजना आणली, आणि अब्रूनुकसानीचे खटले तीतून वगळण्यात आले. त्याचे फळ चाळीस वर्षांनी दिसले. मॅकडोनाल्ड या बलाढ्य कंपनीने तिच्यावर टीका करणारे पत्रक वाटणाऱ्या दोन कार्यकर्त्यांवर, एक बेकार टपालवाला आणि एक माळीण, अब्रूनुकसानीचा दावा लावला. सुनावणी ३१३ दिवस चालली. कंपनीकडे नामांकित वकिलांची फौज. कार्यकर्त्यांना सरकारी मदतीचा एक पैसाही नाही. अखेर २००५ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की, अशा विषम झुंजीत कायदेशीर मदत नाकारणे म्हणजे न्याय नाकारणे होय. अब्रूचा कायदा गरिबाच्या हाती ढाल म्हणून येत नाही, आणि श्रीमंताच्या हाती तलवार म्हणून मात्र येतो, हे त्या खटल्याने सर्व जगाला दाखविले.

याउलट जर्मनीकडे पाहावे. १८९८ साली बिस्मार्क मरण पावला, तेव्हा दोन छायाचित्रकार रात्री त्याच्या खोलीत घुसले आणि त्यांनी मृतदेहाचे छायाचित्र घेतले. तेव्हाच्या कायद्यात स्वतःच्या प्रतिमेवरील हक्क नव्हता. न्यायालयाला घरात बेकायदा घुसण्याचा आधार घेऊन ते छायाचित्र जप्त करावे लागले. ही लाजिरवाणी कसरत टाळण्यासाठी १९०७ साली तेथे कायदा झाला: माणसाचे चित्र त्याच्या संमतीनेच प्रसिद्ध करावे, आणि त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षेपर्यंत जवळच्या नातेवाइकांची संमती घ्यावी. सार्वजनिक घटनांपुरते त्याला अपवाद आहेत, पण त्या अपवादांनाही माणसाच्या न्याय्य हितसंबंधांची मर्यादा आहे. हिटलरशाहीच्या राखेतून जर्मनी उठला तेव्हा १९४९ च्या राज्यघटनेचे पहिलेच कलम त्याने माणसाच्या प्रतिष्ठेला दिले, आणि १९५४ साली तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्या प्रतिष्ठेतून ‘सर्वसाधारण व्यक्तित्व-हक्क’ काढला. गंमत अशी की, त्या पहिल्या खटल्यात विषय होता हिटलरचा एके काळचा अर्थमंत्री शाख्ट याच्या वकिलाने लिहिलेल्या पत्राचा. पण तत्त्व एकदा मान्य झाले की ते मोठ्या माणसापाशी थांबत नाही. १९७३ साली घटना न्यायालयाने एका शिक्षा झालेल्या कैद्याच्या बाजूने कौल दिला. चार सैनिकांच्या हत्येत साथ दिल्याबद्दल तो तुरुंगात होता. त्याची सुटका जवळ आली होती, आणि दूरचित्रवाणी त्याच्या गुन्ह्यावर त्याच्या नावानिशी चित्रपट दाखविणार होती. न्यायालय म्हणाले, नाही. त्याला समाजात परत यायचे आहे, आणि त्या वाटेत त्याचा गुन्हा कायमचा आडवा घालता येणार नाही. ज्या माणसाची अब्रू शून्य आहे असे सारे मानतात, त्याचेही व्यक्तित्व शिल्लक असते, हा त्या निकालाचा अर्थ. जर्मनीतही १९९९ पासून प्रसिद्ध व्यक्तींच्या नावारूपाची व्यापारी बाजू वारसांकडे जाते. पण ती बाजू मागाहून आली. पाया प्रतिष्ठेचाच राहिला.

फ्रान्सने १९७० साली आपल्या नागरी संहितेत एक साधे वाक्य घातले: प्रत्येकास आपल्या खाजगी जीवनाचा आदर राखला जाण्याचा हक्क आहे. ‘प्रत्येकास’ हा शब्द महत्त्वाचा. १९९८ साली कॉर्सिका बेटावर एका प्रीफेक्टची, म्हणजे आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्याहूनही वरच्या अधिकाऱ्याची, भर रस्त्यात हत्या झाली, आणि एका खपाच्या साप्ताहिकाने रक्तात पडलेल्या मृतदेहाचे छायाचित्र छापले. न्यायालयाने अंक जाळावयास सांगितले नाही की संपादकास तुरुंगात घातले नाही. हे छायाचित्र कुटुंबाच्या संमतीवाचून छापले गेले, असे निवेदन त्या साप्ताहिकाने स्वतः छापावे, एवढेच फर्माविले. युरोपच्या न्यायालयानेही २००७ साली म्हटले की, यात मुद्रणस्वातंत्र्याचा भंग झालेला नाही. २००० साली फ्रान्सने आणखी एक कायदा केला: गुन्ह्याला बळी पडलेल्या माणसाच्या प्रतिष्ठेला गंभीर धक्का लागेल असे चित्र त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध केल्यास दंड. या तरतुदीत चित्रातील माणसाची बाजारात काय किंमत आहे, हा प्रश्नच उद्भवत नाही.

आता भारताकडे यावे. या देशातील खाजगीपणाच्या हक्काचा जन्म फार्महाउसात किंवा नटाच्या बंगल्यात झालेला नाही. तो झाला उत्तर प्रदेशातील खरक सिंग नावाच्या एका साध्या माणसाच्या दारात. दरोड्याच्या संशयावरून त्याला पकडले, पुराव्याअभावी सोडले, आणि तरीही पोलिसांनी त्याच्या नावाने ‘हिस्ट्री शीट’ उघडले. मध्यरात्री दार ठोठावून तो घरात आहे की नाही हे पोलीस पाहू लागले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या भेटी बेकायदा ठरविल्या, पण खाजगीपणाचा हक्क घटनेत नाही असेही बहुमताने सांगितले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदविले. ते मत योग्य होते, हे मान्य होण्यास ५५ वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि त्याचे मूळ प्रतिष्ठेत आहे. तत्त्व म्हणून भारताने जर्मनीचाच पाया स्वीकारला. मग खरक सिंगाच्या जातीच्या माणसाचे, म्हणजे संशयिताचे, भटक्याचे, आदिवासीचे, आज काय झाले?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील कातकऱ्यांना विचारावे. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष दुर्बल म्हणून नोंदल्या गेल्या आहेत, त्यांतील ही एक. दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जाणारी, उचल घेतलेल्या मुकादमाच्या हिशेबात अडकणारी ही माणसे. इंग्रजी अमदानीतील सरकारी वर्णनांनी त्यांच्या कपाळी दारूबाजीचा व भुरट्या चोरीचा शिक्का मारला, आणि तो पुसण्याचे काम कोणी केले नाही. गावात कोंबडी गेली, तारेचे भेंडोळे गेले, बंगल्यातील नळाची तोटी गेली, की संशय आधी कातकरवाडीकडे वळतो. एखाद्या कारखानदाराबद्दल कोणी असे बोलले तर दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस येईल. कातकऱ्याबद्दल बोलले तर ते बोलणेच नव्हे, तो ‘अनुभव’ ठरतो. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला; पण तो कायदा ज्या नजरेने लिहिला गेला होता ती नजर रद्द करण्याचा ठराव कोणत्याही विधिमंडळाला करता येत नाही.

ही केवळ भावनेची भाषा नव्हे. ७ मे २०२४ रोजी अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रश्नाची दखल घेतली. मागासलेल्या, अनुसूचित जाती-जमातींतील निरपराध माणसांची नावे केवळ त्यांच्या जन्मामुळे, पूर्वग्रहाने पोलिसांच्या हिस्ट्री शीटांत यांत्रिकपणे चढविली जाऊ नयेत, आणि सर्व राज्यांनी आपले नियम या दृष्टीने तपासावेत, असे त्याने सांगितले. म्हणजे खरक सिंगाच्या दारावरील थाप ६२ वर्षांनंतरही थांबलेली नव्हती, याची ती कबुलीच होती. नटाच्या आवाजाची नक्कल थांबविणारा हुकूम काही दिवसांत मिळतो. पोलिसांच्या वहीतील खोटी नोंद पुसण्यासाठी माणसाला, प्रथम, अशी नोंद आहे हे कळावे लागते. आणि तेच त्याला कळत नाही.

सरकारी वहीतील नाव आणि माणसाची खरी अब्रू यांतील अंतर कर्जत तालुक्याला नव्याने शिकविण्याची गरज नाही. माथेरानचे वकील भाई विठ्ठलराव कोतवाल हे १९४२ च्या लढ्यात भूमिगत झाले, त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले, आणि सरकारच्या दप्तरी ते बक्षीस लावलेले फरारी ठरले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दप्तरातले ‘फरारी’ लोकांच्या मनात हुतात्मा झाले, कारण लोकांना त्यांचे नाव सांगता येत होते आणि सांगणारे होते. कातकऱ्याचे नाव सांगणारे कोण?

या दोन तालुक्यांत खाजगीपणा नाही असे मात्र नाही. तो भरपूर आहे आणि उंच भिंतींनी वेढलेला आहे. कर्जत, नेरळ, चौक या पट्ट्यात गेल्या काही दशकांत फार्महाउसांची रांग लागली. लोखंडी फाटक, पहारेकरी, ‘खाजगी मालमत्ता – प्रवेश बंद’ ही पाटी. आणि त्याच भिंतीच्या बाहेर उघड्या दाराच्या झोपड्या. ज्या जमिनीवर या भिंती उभ्या राहिल्या, तिच्यातील काही एके काळी आदिवासींच्या वहिवाटीची होती, हे गावातील म्हातारी माणसे सांगतात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावे जाण्यावर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे निर्बंध आहेत. त्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागते. ती परवानगी कोणी, कोणास, कोणत्या कारणाने दिली, हे विचारण्याचे साधन २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सामान्य माणसाला दिले होते. आणि येथे, इर्शाळवाडीच्या दुर्घटनेनंतर महिनाही उलटला नव्हता तेव्हा, संसदेने व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा केला. त्यातील एका उपकलमाने माहिती अधिकार कायद्याचे कलम आठ बदलून टाकले. पूर्वी व्यक्तिगत माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे की नाही, हे त्या कलमातच अधिकाऱ्याला पाहावे लागे. आता ‘ही व्यक्तिगत माहिती आहे’ एवढे म्हणून नकार देण्याची सोय झाली. व्यापक लोकहिताची सर्वसाधारण तरतूद कायद्यात दुसरीकडे उरली आहे, पण ती वापरण्याची बुद्धी कारकुनाला व्हावी लागेल. प्रतिष्ठेच्या नावाने मिळविलेला हक्क असा भिंतीच्या कामी येतो. दरडीखालून वाचलेल्या बाईचा चेहरा झाकण्यास जो खाजगीपणा उपयोगी पडला नाही, तो जमिनीचा व्यवहार झाकण्यास उपयोगी पडू शकेल.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप असा की, नटनट्यांनाही इजा होतेच. खरे आहे. यंत्राच्या साहाय्याने एखाद्या स्त्रीचा चेहरा अश्लील चित्राला चिकटविला जातो तेव्हा ती नटी असो वा शाळेतील शिक्षिका, तिची विटंबना सारखीच असते. आक्षेप नटीला संरक्षण मिळते यावर नाही. शिक्षिकेला तेच संरक्षण मिळावयाचे तर तिला दिल्लीच्या उच्च न्यायालयात नामांकित वकील उभा करावा लागेल, आणि तिच्या चेहऱ्याला व्यापारी मूल्य आहे हे दाखवावे लागेल, यावर आहे. आधीच्या निकालांचा पाया जर मूल्याचा असेल, तर ज्याचे मूल्य शून्य त्याची हानीही शून्य, असे गणित मांडण्यास कोणी अडवू शकत नाही. अर्थशास्त्रात ज्याला बाजारभाव नाही ते निरुपयोगी असे मानण्याची चूक फार जुनी आहे. कायद्याने तरी ती गिरवू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खाजगीपणाचे आणि अब्रूचे हक्क बळकट केले, तर वृत्तपत्रांचा आवाज बंद होईल. इर्शाळवाडी दिसलीच नसती तर मदत आली असती का? हा प्रश्न समाजवाद्यांनी सर्वांत आधी विचारावयास हवा, कारण अब्रूनुकसानीच्या कायद्याचा फास त्यांच्याच गळ्याला अधिक वेळा लागला आहे. १८६० च्या दंडसंहितेने अब्रूनुकसानी हा तुरुंगवासाचा गुन्हा केला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेला धरून आहे असे ठरविले. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये तो तसाच पुढे आला. हा गुन्हा रद्दच झाला पाहिजे. लिहिणाऱ्याला तुरुंग हा अब्रूच्या रक्षणाचा मार्ग नव्हे. पण कॉर्सिकाच्या प्रकरणातील फ्रेंच न्यायालयाने दाखविले की, मुस्कटदाबी आणि बेबंदपणा यांच्यामध्ये पुष्कळ जागा आहे. दरड कोसळली, यादीत वाडी का नव्हती, रस्ता का नव्हता, पुनर्वसन का झाले नव्हते, हे सारे छापावे. मंत्र्याचे नाव घेऊन छापावे. त्यासाठी रडणाऱ्या बाईच्या चेहऱ्याला अगदी जवळून कॅमेरा लावावा लागत नाही. किंबहुना त्या चेहऱ्याची गर्दी झाली की यादीचा प्रश्न मागे पडतो.

मग मागणी काय? पहिली: प्रतिष्ठेवर आधारलेला, संक्षिप्त आणि स्पष्ट असा दिवाणी कायदा, ज्यात आपत्तीतील व गुन्ह्यातील पीडितांची प्रतिमा संमतीवाचून प्रसिद्ध करण्यास प्रतिबंध असेल, सत्ताधाऱ्यांच्या सार्वजनिक कृत्यांना त्याचे संरक्षण नसेल, आणि उपाय म्हणून दुरुस्ती, निवेदन व भरपाई असेल. दुसरी: अशा दाव्यांना न्यायशुल्क नसावे आणि विधी सेवा प्राधिकरणाने तालुक्याच्या ठिकाणी वकील द्यावा, कर्जतच्या माणसाला दिल्लीचा रस्ता दाखवू नये. तिसरी: पोलिसांच्या हिस्ट्री शीटमध्ये नाव घातल्यास त्या माणसाला लेखी कळवावे, त्याचे म्हणणे ऐकावे, आणि ठरावीक मुदतीनंतर नोंद आपोआप रद्द व्हावी. चौथी: माहिती अधिकार कायद्याचे कलम आठ पूर्ववत करावे. पाचवीला नवा कायदाही लागत नाही. पोरक्या, निराधार मुलांची ओळख उघड करू नये, असे २०१५ च्या बालन्याय कायद्याचे कलम ७४ सांगतेच. प्रत्येक आपत्तीच्या जागी तहसीलदाराने त्याची पहिल्या तासाला आठवण करून द्यावी, आणि पत्रकार संघटनांनी ती आपण होऊन पाळावी. वृत्तपत्र परिषदेला केवळ समज देता येते आणि दूरचित्रवाणी तर तिच्या कक्षेतच नाही. म्हणून पत्रकारांच्या स्वतःच्या विवेकाला येथे मोठे काम आहे.

हे सारे परकीय आयात वाटण्याचे कारण नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा लोकांच्या देखत हेतुपुरस्सर केलेला अपमान हा गुन्हा ठरविला. तेथे अपमानित माणसाच्या चेहऱ्याची किंमत कोणी विचारीत नाही. तो माणूस आहे एवढे पुरते. आणि त्याहीपूर्वी, याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह गेले, ते तहान भागविण्यासाठी नव्हे. इतर माणसांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी ते पाणी प्याले. स्वतः अर्थशास्त्राचे पंडित असलेल्या त्या माणसाने माणुसकीचा हक्क बाजाराच्या हिशेबात मांडला नाही. संविधानाच्या उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ हे शब्द आहेत; तेथे ‘प्रसिद्ध व्यक्तीची’ असे लिहिलेले नाही.

इर्शाळवाडीतून वाचलेल्या कुटुंबांनी दरडीनंतरचे दिवस चौक येथे लोखंडी कंटेनरांत काढले. पुढे त्यांच्यासाठी सिडकोने पक्की घरे बांधली. त्या घरांना दार आहे आणि दाराला आतून लावता येईल अशी कडी आहे. जे दार गवंड्याने आणि सुताराने दिले, ते कायद्याने अजून दिलेले नाही. ते मिळेपर्यंत त्या दारात जाणाऱ्या प्रत्येकाने, मग तो पुढारी असो, बातमीदार असो की कार्यकर्ता, आत पाऊल टाकण्यापूर्वी विचारण्याची रीत पाळावी.